जुन्या काळाला साजेशी, मोठ्या व्यासाची आणि परवडणारी रायफल कोणती घ्यावी?

पार्लेकरीण

नमस्कार. कंपनीच्या कामानिमित्त येत्या जूनमध्ये मी तीन वर्षांसाठी इंग्लंडला जात आहे आणि मुक्काम सरे परगण्यात, म्हणजे बिस्लीच्या रेंजपासून मोटारीने जवळच असणार आहे. वरळीच्या रेंजवर मी .२२ रायफलने प्रोन (पोटावर झोपून मारायच्या) प्रकारात नेमबाजी करते, त्यामुळे श्वास, चाप आणि मक्खी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) यांचे गणित बऱ्यापैकी अंगवळणी पडले आहे. बिस्लीला जुन्या रायफलींच्या स्वतंत्र स्पर्धा होतात आणि ऑक्टोबरात ‘ट्रॅफल्गर मीटिंग’ नावाचा खास मेळावा भरतो, हे कळल्यापासून मात्र .२२ मध्ये मन रमेनासे झाले आहे.

मला साधारण १८५० ते १८९० या काळातील, किमान .४५ इंच व्यासाची आणि बंदुकीच्या जुन्या काळ्या दारूवर चालणारी रायफल हवी आहे. त्यातही मुंबई इलाख्याच्या फौजेने वापरलेली असेल तर अधिक आनंद होईल. मी पाहिलेले पर्याय असे: १८५३ची एनफिल्ड, स्नायडर, मार्टिनी-हेन्री आणि .४५-७० काडतुसाची रेमिंग्टन रोलिंग ब्लॉक. पैशांची चणचण नसली तरी उधळपट्टीही करायची नाही. अस्सल जुनी घ्यावी की नव्याने बनवलेली प्रतिकृती, याविषयीही जाणकारांनी सांगावे.

गिरगावकर आबा

ताई, आधी स्पर्धा ठरवा आणि मग रायफल. बहुतेक लोक याच्या नेमके उलट करतात आणि नंतर हातातल्या रायफलीसाठी स्पर्धा शोधत हिंडतात.

ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून भरायच्या, शस्त्रांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा एमएलएआयसी ही संस्था १९७१ पासून भरवते. तिथे प्रत्येक प्रकाराला जुन्या नावांनी ओळखतात. टोपीच्या (घोड्याच्या आघाताने पेटणारी छोटी स्फोटक टोपी लावायच्या) लष्करी रायफलीने शंभर मीटरवर झोपून मारायच्या प्रकाराला ‘मिनिए’ म्हणतात, तर खास नेमबाजीसाठी बनलेल्या टोपीच्या रायफलीच्या प्रकाराला ‘व्हिटवर्थ’. अर्ध्या तासात तेरा गोळ्या मारायच्या आणि त्यांतल्या उत्तम दहा मोजायच्या, असा सर्वसाधारण नियम आहे. अस्सल आणि प्रतिकृती यांची गणना वेगवेगळी होते, त्यामुळे प्रतिकृती घेतली म्हणून कोणी नाक मुरडत नाही. ‘मिनिए’त उतरायचे असेल तर १८५३च्या एनफिल्डसारखी सोपी वाट दुसरी नाही. इटलीतील पेडरसोलीची नवी प्रतिकृती मिळते, आणि बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेलने पूर्वी बनवलेल्या प्रतिकृती वापरलेल्या स्थितीत मिळाल्या, तर त्यांना जाणकारांत आजही मान आहे.

परंतु तुम्हाला दोनशे, तीनशे, सहाशे यार्डांवर मारायचे असेल, तर काडतुसाच्या रायफलींकडे वळावे लागेल आणि मग सगळाच हिशेब बदलतो.

नुसताच वाचक

आमचा ऐतिहासिक शस्त्रांचा अनुभव दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापुरता मर्यादित आहे. तरीही धागा वाचतो आहे.

सातासमुद्रापार

मी अमेरिकेत गेली काही वर्षे काळ्या दारूच्या काडतुसांची सिल्हूट स्पर्धा खेळतो. त्यात २०० मीटरवर कोंबडी, ३०० वर डुक्कर, ३८५ वर टर्की आणि ५०० वर मेंढा अशी पोलादी चित्रे पाडायची असतात. माझे मत स्पष्ट आहे: .४५-७० घ्या आणि बाकीच्या चिंता सोडा. हे काडतूस १८७३ मध्ये अमेरिकी सैन्याने स्वीकारले, आणि आजही त्याची पितळी केस (काडतुसाचे कवच), डाय (केसला आकार देणारे साचे), गोळीचे साचे असे सगळे सामान कोणत्याही चांगल्या दुकानात मिळते. रोलिंग ब्लॉकची यंत्रणा तर इतकी साधी आहे की बिघडायला तिच्यात फारसे काही नाहीच.

ही फक्त अमेरिकेची रायफल आहे असेही समजू नका. डेन्मार्क, स्वीडन, स्पेन आणि इजिप्त यांच्या फौजांनी ती लष्करी म्हणून वापरली होती. लांब पल्ल्याच्या नेमबाजीचा इतिहास पाहायचा असेल, तर १८७४ मध्ये न्यू यॉर्कजवळच्या क्रीडमूर रेंजवर अमेरिका आणि आयर्लंड यांचा सामना झाला होता. आयरिश संघाकडे रिग्बीच्या ठासणीच्या रायफली होत्या, तर अमेरिकी संघाकडे रेमिंग्टन आणि शार्प्स. अमेरिकेने तो ९३४ विरुद्ध ९३१ असा, अवघ्या तीन गुणांनी जिंकला.

इतिहासवेडा

तीन गुणांनी जिंकलेला सामना दीडशे वर्षे ऐकवावा तो अमेरिकावासीयांनीच! असो. धागाकर्तीने मुंबई इलाख्याच्या फौजेचा उल्लेख केला आहे, तो विसरून चालणार नाही. या फौजेच्या एकाही शिपायाने .४५-७० हातात धरली नव्हती.

२७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानातल्या मैवंदच्या लढाईत मुंबई फौजेच्या पलटणी होत्या: पहिली बॉम्बे ग्रेनेडियर्स आणि तिसावी, म्हणजे जेकब्ज रायफल्स. त्यांच्या बाजूला इंग्रजांची ६६ वी पलटण होती. त्या गोऱ्या पलटणीकडे मार्टिनी-हेन्री होत्या, आणि आपल्या माणसांच्या हातात मात्र एक पिढी जुन्या स्नायडर. १८५७ नंतर सरकारचे धोरणच तसे होते. नवे शस्त्र आधी गोऱ्या सैनिकाला द्यायचे आणि देशी शिपायाला त्याच्या मागचे. सुरुवातीला तर एनफिल्डसारख्या दिसणाऱ्या, पण आतून आटे नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुका त्यांच्यासाठी मुद्दाम काढल्या होत्या, जेणेकरून लांबवरचा नेम साधू नये. मुंबईच्या शिपायाची रायफल हवी असेल तर प्रामाणिक उत्तर स्नायडर हेच आहे, आणि तिची काडतुसे ज्या काळात लागत त्याच काळात, १८६९ मध्ये, आपल्या खडकीचा दारूगोळा कारखाना सुरू झाला.

सातासमुद्रापार

@इतिहासवेडा, माहिती उत्तम आहे, पण प्रश्नात ‘परवडणारी’ असाही एक शब्द आहे. स्नायडरच्या केस किराणा दुकानात मिळत नाहीत.

लेथवाला ठाणेकर

दोघांच्या मधला मुद्दा मांडतो. रायफलीची किंमत एकदाच मोजायची असते, पण तिचे खाणे आयुष्यभर पुरवावे लागते. म्हणून ‘परवडते का’ हा प्रश्न रायफलीला न विचारता तिच्या केसला विचारावा. चारही पर्यायांना तो क्रमाने विचारून पाहू.

एनफिल्डला केसच नाही. काळी दारू, टोपी, मऊ शुद्ध शिशाची पोकळ बुडाची गोळी आणि वंगण एवढ्यावर ती चालते. सैनिकी भार अडीच ड्रॅम, म्हणजे सुमारे ६८ ग्रेन दारूचा होता, पण शंभर मीटरवर स्पर्धक त्याहून बराच कमी भार वापरतात. गोळीचा साचा एकदा घेतला की पुढचा खर्च शिसे आणि दारूचाच.

स्नायडर ही मुळात त्याच एनफिल्डचे १८६६ मध्ये केलेले मागून भरायचे रूपांतर. तिचे .५७७ काडतूस तयार विकत घ्यायला गेलात तर डोळे पांढरे होतील, पण त्यावर जुना उपाय आहे. चोवीस गेजच्या शॉटगनची पितळी केस बुडाशी जवळजवळ त्याच मापाची असते, आणि ब्राझीलमध्ये बनणारी अशी केस योग्य लांबीला कापून नीट आकार दिला की स्नायडरला चालते. हीच केस मोठ्या डायमधून काढून, मान आवळून, मार्टिनीच्या .५७७/४५० साठीही तयार करता येते. मात्र त्या कामात सुरुवातीला काही केस फुकट जातात आणि डायही महाग असतात. तयार .५७७/४५० केस मिळतात, त्यांची किंमत ऐकून बसून घ्यावे.

.४५-७० बाबत सातासमुद्रापार यांचे म्हणणे खरे आहे. सामानाची ददात नाही.

एक गोष्ट मात्र चौघींना सारखीच लागू आहे. अस्सल जुनी नळी कागदावरच्या मापाची असेलच, असे मुळीच धरू नका. मऊ शिशाचा तुकडा नळीतून ठोकून काढावा, मायक्रोमीटरने मोजावा आणि मगच साच्याची मागणी नोंदवावी. स्नायडरच्या नळ्यांत इतका फरक सापडतो की एकाच्या साच्याची गोळी दुसऱ्याच्या रायफलीतून खुळखुळत जाते, आणि मग लोक रायफलीला दोष देतात.

मालवणी मिरची

आमच्या गावाला शेतातल्या डुकरांसाठी घरोघरी ठासणीच्या बंदुका असायच्या, परवान्याच्या. आजोबांची बंदूक अजून माळ्यावर आहे. ती घेऊन आल्यास बिस्लीला प्रवेश मिळेल काय?

कलम पंचेचाळीस

@मालवणी मिरची, बिस्लीचे नंतर पाहू, आधी परवान्याचे नूतनीकरण झाले आहे का ते पाहा. ‘जुनी आहे म्हणून परवाना लागत नाही’ हा गैरसमज फार पसरलेला आहे. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ४५ मधील सवलत जुन्या घडणीच्या किंवा पुरातन मूल्याच्या अशा शस्त्राला आहे, जे दुरुस्तीनंतरसुद्धा बंदूक म्हणून वापरता येणार नाही. आजोबांच्या बंदुकीतून बार निघू शकत असेल तर ती सवलत संपली. शिवाय वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ चा पुरावशेष कायदा आडवा येतो आणि तिची निर्यात करता येत नाही.

धागाकर्तीने विचारलेले नाही, पण पुढे विचारतीलच, म्हणून आपल्याकडचेही सांगतो. भारतात सामान्य परवानाधारकाला परदेशातून रायफल मागवता येत नाही. .३०३ आणि ७.६२ मिलिमीटर हे प्रतिबंधित व्यास आहेत, आणि त्यांचा परवाना पोलीस आयुक्तांच्या हाती नसून केंद्राच्या हाती आहे. उरते ती आयुधनिर्माणीची .३१५. लष्करी व्यास नागरिकांच्या हाती पडू नये म्हणून इंग्रजांच्या काळात हा व्यास इथे रुजला. काडतूस मूळ ऑस्ट्रियाच्या ८ मिलिमीटर मानलिखरचे आणि यंत्रणा ली-एनफिल्डच्या धर्तीची. ऐतिहासिक म्हणायला हरकत नाही, पण .४५ ची अट तीत बसत नाही.

परत येताना रायफल मुंबईला आणायचा विचार असेल, तर निवासांतराच्या सवलतीत एक शस्त्र आणता येते. मात्र ते परदेशात किमान एक वर्ष तुमच्या ताब्यात आणि वापरात असले पाहिजे, व्यास प्रतिबंधित नसावा, इथला परवाना हाती असावा आणि पुढे ते विकता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रे ठेवता येतात, हेही लक्षात असू द्या. खरेदीची पावती आणि तिथल्या प्रमाणपत्राच्या प्रती पहिल्या दिवसापासून जपून ठेवा.

टेम्सकाठी

मी इंग्लंडमध्ये राहतो आणि स्नायडर मारतो, त्यामुळे तिथल्या व्यवहाराचे चार शब्द सांगतो.

उतरल्या उतरल्या रायफल घ्यायला धावू नका. गृहखात्याने मान्यता दिलेल्या क्लबात आधी उमेदवार सदस्य व्हावे लागते, आणि तो काळ किमान तीन महिन्यांचा असतो. या काळात आणि त्यानंतरही क्लबच्या रायफलीने रेंजवर मारायला स्वतःचे प्रमाणपत्र लागत नाही. स्वतःची रायफल घ्यायची तर पोलिसांकडून प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि त्यात प्रत्येक रायफल तिच्या व्यासासह नोंदली जाते. अस्सल पुरातन रायफल शोभेची वस्तू म्हणून विनाप्रमाणपत्र ठेवता येते. पण तिच्यातून एकही बार काढायचा असेल तर ती प्रमाणपत्रावर चढवावीच लागते. काळी दारू विकत घेऊन घरी ठेवण्यासाठी स्फोटकांचे वेगळे प्रमाणपत्र लागते. ही सारी कागदपत्रे चिकाटीने केली तर होतात.

अस्सल मार्टिनी घेणार असाल तर एक सावधगिरी. २००३ च्या सुमारास काठमांडूच्या जुन्या राजशस्त्रागारातून हजारो रायफली बाहेर आल्या आणि बाजारात पसरल्या. त्यांतल्या ब्रिटिश बनावटीच्या मार्टिनी चांगल्या निघू शकतात. परंतु ‘गहेंद्र’ नावाने ओळखली जाणारी रायफल नेपाळमध्ये हातांनी घडवलेली आहे. दिसायला मार्टिनीची बहीण असली तरी आतली यंत्रणा वेगळी आहे, आणि ती मारण्यासाठी घेऊ नये असे माझे ठाम मत आहे. कोणतीही जुनी रायफल आधी चांगल्या बंदूक कारागिराला दाखवावी आणि नळीवर लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाची खूण आहे का ते पाहावे. स्नायडर घेतली तर मार्क ३ पाहावी, कारण तिच्या ब्रीचला, म्हणजे नळीच्या मागच्या दाराला, बंद ठेवणारी खिटी आहे. आधीच्या प्रकारांत ती नाही. आणि जुन्या काळ्या दारूच्या नळीत आधुनिक धूररहित दारू कधीही, थोडीसुद्धा, घालू नये.

पार्लेकरीण

आपणा सर्वांचे आभार. आबांचे ‘आधी स्पर्धा’ पटले. मला शंभर मीटरपेक्षा दोनशे ते सहाशे यार्डांचे आकर्षण आहे, त्यामुळे एनफिल्ड बाजूला ठेवते. मैवंदची हकिकत वाचल्यापासून मात्र मन स्नायडरकडे ओढ घेत आहे. सहाशे यार्डांवर स्नायडर कितपत साथ देईल?

टेम्सकाठी

तीनशे यार्डांपर्यंत छान, त्यापुढे तिची जड आणि मंद गोळी वाऱ्याच्या मर्जीवर जाते. सहाशेवर मारणारे आहेत, परंतु त्यांचा स्वभाव अत्यंत शांत असतो. त्या पल्ल्याला मार्टिनी सरस आहे. ४८० ग्रेनची .४५ गोळी आणि मागे ८५ ग्रेन दारू हा तिचा सैनिकी भार. खांद्याला तो चांगलाच कळतो आणि नळी दारूच्या काजळीने भरत गेली की अधिकच कळतो, म्हणून कागदी लक्ष्यावर मारणारे बहुतेक जण दारू कमी करून केसमधली उरलेली जागा भरायला वर भरण घालतात.

गिरगावकर आबा

काजळीचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. काळ्या दारूची राख हवेतली ओल ओढून घेते, आणि त्याच संध्याकाळी गरम पाण्याने नळी धुतली नाही तर दुसऱ्या दिवशी आत गंज हसत बसलेला असतो. इंग्लंडची हवाही दमट असली तरी मुंबईच्या जुलैपुढे काहीच नाही. रायफल इथे परत आणणार असाल तर पावसाळ्याचे चार महिने तिला तेल आणि कोरड्या कपाटाची सोय करा.

मालवणी मिरची

आजोबा बंदूक चहाच्या आधणाने धुवायचे. पाणी उरले तर चहा.

ओवी

ताई, मी स्वतः पिस्तूल मारते, रायफलीतले मला फारसे कळत नाही, पण एक विचारते. आपण वरळीला शेजारच्या लेनवर होतो असे वाटते आणि तुम्ही डाव्या खांद्यावरून मारत होतात. वर सुचवलेल्या रायफली डावखुऱ्या माणसाला चालतात का?

पार्लेकरीण

हो, मी डावखुरी आहे. .२२ मध्ये डाव्या बोल्टची रायफल मिळाली, त्यामुळे हा प्रश्न इथे मनात आलाच नाही.

लेथवाला ठाणेकर

मग पानच उलटले! एनफिल्ड आणि स्नायडर दोन्हींचा घोडा उजव्या बाजूला असतो, आणि एनफिल्डची टोपीही तिथेच असते. डाव्या खांद्यावर रायफल टेकवली की ती टोपी चेहऱ्याच्या समोर येते, आणि उडणारी ठिणगी किंवा टोपीचा तुकडा थेट गालाकडे येऊ शकतो. स्नायडरची ब्रीचही उजवीकडे उघडते, म्हणजे भरताना प्रत्येक वेळी हात आडवा न्यावा लागणार. डोळ्यांवर गॉगल लावून मारणारे डावखुरे असतात, पण इतकी वर्षे .२२ वर कमावलेली स्थिरता प्रत्येक बाराला दचकून का घालवावी?

मार्टिनीला बाहेर घोडाच नाही. खालची लिव्हर दाबली की ब्रीच मध्यभागी खाली उतरते, केस सरळ मागे येते. तिला डावे-उजवे कळत नाही. रोलिंग ब्लॉकचा घोडाही बरोबर मधोमध असतो.

सातासमुद्रापार

म्हणजे शेवटी माझीच रायफल उरली!

इतिहासवेडा

तुमची नव्हे, मार्टिनी उरली. देशी पलटणींना ती उशिरा मिळाली, पण मिळाली. मला तेवढे पुरे आहे.

टेम्सकाठी

ताई, आता मोजका सल्ला देतो. पहिला हंगाम क्लबच्या मार्टिनीवर काढा. बिस्लीच्या आसपासच्या जुन्या रायफलींच्या क्लबांत ती बहुधा असते. तेवढ्यात ८५ ग्रेनचा धक्का सोसतो का, केस घडवण्याची चिकाटी आहे का, हे दोन्ही कळेल. चिकाटी असेल तर अस्सल मार्क २ किंवा पुढची, कारागिराने तपासलेली, घ्या. डाय एकट्याने विकत घेण्याची गरज नाही; आम्ही चौघे एकच संच फिरवत वापरतो. घरी केस कापत बसायला वेळ नसेल, तर .४५-७० ची प्रतिकृती रोलिंग ब्लॉक घ्या, पण ती कोणत्या वर्गात उतरवता येईल हे आयोजकांना आधीच विचारा, कारण लष्करी अस्सल रायफलींच्या वर्गात ती बसणार नाही.

पार्लेकरीण

ठरले तर मग. प्रमाणपत्राचा अर्ज .५७७/४५० साठी करीन, आणि तोपर्यंत क्लबची मार्टिनी. @लेथवाला ठाणेकर, जूनच्या आधी एखाद्या रविवारी ठाण्याला आले तर पितळ तापवून मऊ करण्याची आणि मान आवळण्याची रीत दाखवाल का? चोवीस गेजची केस नसली तरी चालेल.

लेथवाला ठाणेकर

अवश्य या. त्याच जाडीची पितळी नळी आणून ठेवतो, तीवर हात बसेल. डाय माझ्याकडे नाही, त्यामुळे आवळण्याचे काम लेथवर करून दाखवीन. येताना जुने सुती कपडे घाला, काळे डाग निघत नाहीत.

मालवणी मिरची

रविवारी मीही येतो. बंदूक घरीच ठेवून येतो, कलम पंचेचाळीस यांनी काळजी करू नये.